सगळे पक्षी करडेच दिसतात, मंडळ सोडू का?

*मी ५२ वर्षांची. मुलं आपापल्या मार्गाला लागली, हाताशी वेळ आला, म्हणून यंदा पक्षी सप्ताहात शहरातल्या एका निसर्गमंडळाची सभासद झाले. दर रविवारी पहाटे आम्ही शहराबाहेरच्या तलावावर जातो. बाकीचे पटापट नावं घेतात, मला समोर फक्त करडे-तपकिरी ठिपके दिसतात. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पक्षी उडालेला असतो. एकदा कशाला तरी चिमणी म्हटलं, तर दोघं-तिघं हसली. काही जण मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना झुडपातून बाहेर काढतात. ते मला बघवत नाही, पण मी पडले नवखी, बोलणार कशी? आता जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना आहे आणि सगळ्यांनी यायचंच असं ठरलंय. तिथे माझी अडगळच होणार. मुलगा म्हणतो, कॅमेरा घेऊन देतो, फोटो काढ आणि घरी येऊन सावकाश ओळख. मला वाटतं, मंडळच सोडावं. तुम्ही काय म्हणता? – मागच्या रांगेतली*

ताई,

सोडू नका. निदान मार्च संपेपर्यंत तरी नाही.

तुम्ही सुरुवात केलीत ती नेमकी ओळखीच्या दृष्टीने सगळ्यात अवघड दिवसांत, आणि हे मंडळात तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. नव्या माणसाला सगळीकडे एकच ऐकवलं जातं, की हिवाळा म्हणजे पक्षी बघायचा हंगाम. ते खोटं नाही. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून, सैबेरियातून पाहुणे उतरलेले असतात. उजनीच्या किंवा जायकवाडीच्या पाण्यावर एका नजरेत मावणार नाहीत इतके पक्षी असतात. पण भरपूर दिसणं वेगळं आणि ओळखू येणं वेगळं. ही मंडळी लग्नाचे कपडे घरी ठेवून येतात. लांब सरळ चोचीचा मळगुजा विणीच्या काळात मानेपासून छातीपर्यंत विटकरी तांबडा असतो. आपल्याकडे येतो तेव्हा नुसता राखाडी. बदकांचे नर तर वीण आटोपली की सगळी रंगीत पिसं झाडून माद्यांसारखे होतात. त्या काळात त्यांची पंखांतली उड्डाणपिसंही एकदम गळतात, काही आठवडे उडता येत नाही, तेव्हा नजरेत न भरलेलंच बरं असतं. तलवार बदक आणि थापट्या यांचे नर डिसेंबर-जानेवारीपर्यंत पुन्हा सजतात. भिवई बदकाचा नर मात्र ज्या पांढऱ्या भुवईवरून ओळखायचा, ती भुवई फार उशिरा मिरवतो.

पक्षी सप्ताह येतो ५ ते १२ नोव्हेंबरला. मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा २०२० साली राज्य सरकारने जाहीर केला, आणि तेव्हापासून मंडळांना नवे सभासद मिळायची ती हक्काची वेळ झाली आहे. म्हणजे नव्या माणसांच्या हातात दुर्बीण पडते आणि समोर सगळ्या बदकांच्या माद्याच माद्या! त्यात तुमची नजर काय करणार?

हसणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. तपकिरी, रेघारेघांचे छोटे पक्षी पाहून वीस-वीस वर्षं हिंडलेले लोकही गप्प होतात. झाडांतल्या वटवट्यांच्या बाबतीत तर जाणकार आधी कान लावतो आणि आवाज आला नाही तर ‘कुठलातरी वटवट्या’ एवढंच म्हणून पुढे जातो. पटापट नावं घेणाऱ्यांतले काही जण खरंच तयार असतील. काही जण पुढच्याने घेतलेलं नाव जरा मोठ्या आवाजात घेत असतील. पुढच्या रविवारी एकाला हळूच विचारा, ‘कशावरून?’ उत्तरात चोच, पाय, शेपूट, चाल असं काही आलं तर त्या माणसाला धरून ठेवा. नुसतंच ‘तोच आहे हो’ आलं तर तुमच्यात आणि त्याच्यात फारसं अंतर नाही.

आता तुमच्या करड्या ठिपक्यांचं. महिनाभर नावांचा नाद सोडा आणि रंगाचाही. शेपटीकडे बघा. हिवाळ्यात रंग दगा देतो, पण वागणं बदलत नाही. पाण्याच्या कडेला चालताना शेपूट सतत वरखाली हलवतो तो धोबी. पांढरा, पिवळा, राखी, कुठला ते नंतर बघू, घराणं तर कळलं. चालता चालता शेपटीबरोबर अख्खं मागचं अंगच वरखाली डुलवते ती तुतारी. आणि भिंतीवर, दगडावर, कुंपणावर बसून मध्येच झटकन वाकतो आणि शेपूट थरथरवतो तो थिरथिरा. तीन शेपट्या, तीन तऱ्हा. यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही, तीक्ष्ण नजर लागत नाही, पाच मिनिटं एका जागी उभं राहणं लागतं. रांगेत मागे राहिल्यामुळे ते तुम्हाला पुढच्यांपेक्षा सोपं आहे.

शेपटीनंतर जेवण. चिखलात पळणारे सगळे एकसारखे वाटतात ना? त्यांची खायची पद्धत बघा. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून त्याचे डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे असतात आणि चोच आखूड. मळगुज्यासारख्या लांब चोचीच्या पक्ष्यांचा भर स्पर्शावर, चोच चिखलात खुपसून आतला जीव चाचपायचा. मळगुजा तर कधी कधी डोळ्यांपर्यंत तोंड पाण्यात घालतो. बदकांत थापट्या चोच पाण्यावर सपाट फिरवत चाळण मारत जातो, आणि पुष्कळदा चार-सहा जण एकमेकांच्या मागे गोल फिरताना दिसतात. तलवार बदक डोकं खाली, शेपूट वर करून उभंच होतं. वारकरी बुडी मारून लगेच जवळच वर येतो, आणि टिबुकली बुडाली की कुठे निघेल याची पैज लावावी.

हे सगळं वहीत तुमच्या शब्दांत लिहा. मैनेपेक्षा मोठा का लहान, टिटवीपेक्षा उंच का बुटका, चिखलात होता का पाण्यात का काठच्या गवतात, काय करत होता. चार ओळी झाल्यावरच पुस्तक उघडा. आधी पुस्तक उघडलं की माणूस पक्षी बघायचा सोडून चित्राशी जुळणारा पक्षी शोधायला लागतो. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या अॅप्सचंही तेच. ‘मर्लिन’ आवाज ऐकून नावं सुचवतं, त्याचा उपयोगही होतो, पण ते सुचवतं, ठरवायचं तुम्ही. अॅपने नाव दिलं आणि पक्षी दिसला नाही तर वहीत नाव लिहू नका.

दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पक्षी उडतो, याचं कारण बहुधा असं: तुम्ही पक्षी दिसला की खाली दुर्बिणीकडे बघता, मग ती डोळ्यांना लावता, मग पक्षी शोधता. उलटं करा. नजर पक्ष्यावरून हलवू नका, मान स्थिर ठेवा आणि दुर्बीण नजरेच्या आड आणा. घरी गॅलरीत उभं राहून समोरच्या तारेवरच्या कावळ्यावर सराव करा, आठवड्यात हात बसेल. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत फिरवून खाली बसवा, नाहीतर बोगद्यातून बघितल्यासारखं छोटं वर्तुळ दिसतं. आणि उजव्या डोळ्याकडचं बारीक चक्र एकदा नीट लावून घ्या: उजवी काच झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर चित्र स्पष्ट करायचं, मग डावी झाकून उजव्याचं या चक्रावर. मंडळातल्या निम्म्या लोकांनी हे केलेलं नसतं. दुर्बीण नवी घ्यायची झाली तर ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पट घेतली की हाताचा कंपही दहा पट होतो, आणि पहाटेच्या धुरकट उजेडात मोठी पट कामाला येत नाही, भिंगात शिरणारा उजेड येतो.

एक गोष्ट मंडळाला सुचवा, ती तुमच्या एकटीच्या हातात नाही: सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर उभं राहायचं. सूर्य पाठीशी येतो. बरीच मंडळं जिथे गाडी लागते तिथे उतरतात आणि मग उन्हाकडे तोंड करून तासभर काळ्या सावल्या ओळखत बसतात. तुमच्या निम्म्या करड्या ठिपक्यांचा दोष मला या काठाचा वाटतो. (मंडळ कधी खाडीवर गेलं तर तिथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहायचं. पाणी चढत आलं की चिखलावर विखुरलेले पक्षी काठाकडे सरकतात.)

आवाज वाजवण्याचं. इथे मी तुमच्या बाजूने आहे आणि मऊ बोलणार नाही. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून पक्षी बाहेर येतो तो तुम्हाला दर्शन द्यायला नव्हे. आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला असं समजून तो भांडायला येतो, आणि भांडायला कुणी सापडत नाही. हिवाळी पाहुण्यांनाही हद्दी असतात. राखी धोबी वर्षामागून वर्षं ओढ्याच्या त्याच तुकड्यावर परत येतात, हे कडी घातलेल्या पक्ष्यांवरून कळलेलं आहे. त्यांना इथे घरटं करायचं नसतं, पिल्लं वाढवायची नसतात. काम एकच, खाणं आणि परतीचं बळ साठवणं. चिखलावर येणारा पाहुणा छोटा टिलवा घ्या. जेमतेम २५ ग्रॅमचा जीव, वीण टुंड्रात, उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपास. फोटोसाठी त्याला दर दहा मिनिटांनी उठवलं तर त्याच्या खाण्याची वेळ आपण खातो. पक्ष्याने खाणं थांबवलं, मान उंच केली, चालत दूर सरकायला लागला की आपण पुढे गेलोय. तिथेच थांबायचं. टिटवी ओरडली तर समजा की आख्ख्या तळ्याला बातमी गेली.

बोलायचं कसं? फेरी चालू असताना, सगळ्यांसमोर, ज्याने मोबाइल काढलाय त्याला नको. तो चिडेल, बाकीचे बाजू घेतील, आणि तुम्ही ‘त्या तक्रारी करणाऱ्या बाई’ व्हाल. फेरीच्या प्रमुखाला एकट्याला गाठा किंवा फोन करा. ‘फेरी सुरू व्हायच्या आधी आवाज वाजवायचा नाही असं सगळ्यांना सांगाल का?’ एवढंच विचारा. प्रवचन नको. नवख्या माणसाने नियम विचारणं कुणाला खटकत नाही, उलट जुन्यांना तो नियम आपलाच होता असं आठवतं. घुबडं-पिंगळ्यांच्या ढोल्यांचा ठावठिकाणा फोटोसोबत टाकायचा नाही, हेही त्यात घाला. आणि प्रमुखच वाजवत असेल तर? कार्यकारिणीला लिहा. तिकडूनही ‘सगळेच करतात’ असं आलं, तर मग मंडळ सोडण्याचा तुमचा विचार मी पुन्हा ऐकून घेईन. शहरात मंडळं एकाहून जास्त असतात.

आता गणना, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात चुकीची ओळ तिथे आहे. अडगळ? गणनेत सगळ्यात जास्त कमी पडतो तो लिहिणारा माणूस. ओळखणारे दोघं पुरतात. त्यांना डोळे दुर्बिणीतून काढायचे नसतात, आणि खाली बघून आकडा लिहिला की कळपात कुठवर आलो होतो ते हरवतं. म्हणून शेजारी कुणीतरी वही घेऊन लागतं, जे ऐकेल, लिहील, आणि ‘थांबा, हे चाळीस मघाच्या कळपातले तर नव्हेत?’ असं विचारेल. हे काम आजच मागून घ्या. सकाळभर दोन जाणकारांच्या मधोमध उभं राहायला मिळतं आणि ते प्रत्येक नाव तुमच्याकडे तोंड करून घेतात. शिकायला याहून चांगली जागा मंडळात नाही.

ही गणना म्हणजे काय तेही माहीत असू द्या. जगभरातली पाणपक्षी गणना १९६७ पासून चालते, आशियातली १९८७ पासून, दर जानेवारीत. जानेवारी अशासाठी, की तेव्हा येणारे आलेले असतात आणि जाणारे अजून निघालेले नसतात, पक्षी त्यातल्या त्यात एका जागी असतात. आकड्यांचं पुढे काय होतं, असं तुम्हाला वाटेल. एखादी पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जायला जे निकष आहेत त्यातला एक आहे नियमितपणे २०,००० किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असणं, दुसरा आहे एखाद्या जातीच्या एकूण संख्येतला किमान १ टक्का तिथे असणं. आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वर त्या यादीत गेल्याचं २०२० साली जाहीर झालं, ठाण्याची खाडी २०२२ साली. ‘तिथे खूप पक्षी असतात’ यावर अशा अर्जात काही चालत नाही. कुणीतरी थंडीत कुडकुडत काठावर उभं राहून मोजलेलं लागतं.

मोजणी स्वतः करून बघायची असेल तर पद्धत अशी. आधी खरोखर दहा पक्षी मोजा आणि दहाचा पुंजका किती जागा व्यापतो ते डोळ्यांत बसवा. मग तेवढ्या पुंजक्यांनी कळप डावीकडून उजवीकडे मोजत जा. कळप मोठा असेल तर दहाचे दहा पुंजके धरून शंभराचा गठ्ठा. उडता कळप उतरू द्या, मग मोजा. आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण तुम्हाला याचाच धाक वाटतोय: ‘न ओळखलेली बदकं, ४०’ ही चालणारी नोंद आहे. गणनेच्या तक्त्यात न ओळखलेल्यांसाठी जागा असते. चुकीच्या नावापुढे लिहिलेले चाळीस मात्र कुणाच्याच कामाचे नाहीत, कारण ते नंतर कुणाला शोधून काढता येत नाहीत. पाणी रिकामं असेल तर शून्यही लिहायचं. पुढच्या वर्षी पक्षी का नाहीत हे कुणी शोधायला निघालं, तर त्याला ते शून्य लागणार आहे.

पेन्सिल न्या. दवाने ओलसर झालेल्या कागदावर पेन दगा देतं.

पक्ष्यांचा कंटाळा आला तर, आणि तो येतो, येऊ द्यावा, मागे राहून झाडं बघा. पानगळ सुरू झाली की पावसाळ्यातली रिकामी घरटी दिसायला लागतात, कुठलं कशाचं ते ओळखण्यात एक सकाळ सहज जाते. कोवळ्या उन्हात पंख पसरून बसलेली फुलपाखरं थंडीने सुस्त असतात, जवळून बघता येतात. दवबिंदूंनी भरलेली कोळ्यांची जाळी साडेआठनंतर दिसत नाहीत, म्हणजे असतात तिथेच, दिसत नाहीत. सावरीला कळ्या धरल्या असतील तर झाड लक्षात ठेवा. ती फुलली की तलावापेक्षा जास्त गर्दी तिथे असते, आणि पानं नसल्यामुळे एकही पक्षी लपत नाही. मैना, भोरड्या, कोतवाल, शिंजीर सगळे समोर. तुमच्यासारखीला मी पहिला धडा सावरीखाली दिला असता, चिखलाच्या काठावर नाही.

मार्चचं का म्हटलं ते सांगायचं राहिलं. परतीच्या आधी त्यांचे रंग भरायला लागतात. ज्या राखाडी मळगुज्यांनी तुम्हाला नोव्हेंबरात छळलं त्यांतल्या काहींच्या मानेवर मार्चमध्ये विटकरी छटा चढलेली दिसेल. भिवई बदकाची पांढरी भुवई लांबून दिसेल. तेच तळं, तोच काठ, आणि तोवर शेपट्या आणि चालीही तुमच्या डोळ्यांत बसलेल्या असतील. तेव्हाही रविवारी उठवत नसेल, तर खुशाल सोडा.

राहिला कॅमेरा. मुलाचा हेतू चांगला आहे, पण यंदा नको म्हणून सांगा. कॅमेरा हातात आला की जवळ जावंसं वाटतं, आणि घरी येऊन पडद्यावर बघता येईल म्हणून तळ्यावर बघणं राहून जातं. शेपूट कशी हलली हे फोटोत येत नाही. त्याला काही द्यायचंच असेल तर दुर्बिणीचा तो खांद्यांवरून घालायचा पट्टा मागा, मानेवरचं ओझं पाठीवर घेतो. दोन तास उभं राहायचंय तुम्हाला, वही धरून.